यंत्रांचा छंद आणि मुलांचे वाचन



नव्या यंत्राचे खोके घरात आले की ते उघडण्याचा मान कोणाकडे जातो, यावरून त्या घराचा स्वभाव बराचसा कळून येतो. काही घरांत ते खोके दोन-दोन दिवस कोपऱ्यात पडून असते. काही घरांत मात्र गृहस्वामी कचेरीतून आल्यावर चहाचीही वाट पाहत नाहीत. हातात कात्री घेऊनच ते बैठकीत उतरतात. मागील पिढीत अशी माणसे रेडिओची पाठ उघडून आतील धूळ फुंकीत बसत, तुटलेल्या तारेला स्वतः डाख देत, आणि शेजाऱ्याच्या गच्चीवर चढून त्याची एरियल सरळ करून देत. आज तीच माणसे शेजाऱ्याचा संगणक दुरुस्त करतात आणि आप्तांच्या मोबाइलवर मराठी टंकलेखनाची सोय बसवून देतात. कोणतीही अडचण समोर आली की हिच्यासाठी उपकरण कोणते, हा प्रश्न त्यांच्या मनात प्रथम उभा राहतो. ही वृत्ती चांगली आहे. संसाराच्या अनेक कुरबुरी तिने मिटतात.

परंतु कधी कधी अडचण यंत्राची नसते, पोटच्या मुलाची असते. मूल बोलण्यात चतुर, चालण्यात चपळ, आणि पुस्तक समोर आले की मात्र मान खाली घालणारे. अशा वेळी यंत्रप्रेमी पित्याने काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर वडोदऱ्यातील, तीन पिढ्यांपूर्वी तेथे येऊन राहिलेले. वडील एका कारखान्यात विद्युत-उपकरणांची देखभाल करणारे. मुलगी नऊ वर्षांची. शाळेत गुजराती माध्यम, जोडीला हिंदी आणि इंग्रजी, आणि घरात आजीची मराठी. मुलीची स्मरणशक्ती अशी की एकदा ऐकलेली गोष्ट ती आठवड्यानंतर शब्दशः सांगते. पंख्याचा वेग कशाने कमी-जास्त होतो, हे ती पाहुण्यांना समजावून देते. तिला वाचता येत नाही, ही शंका त्यामुळे पुष्कळ दिवस कोणास आलीच नाही. ती उघडकीस आली ती पुस्तकाच्या दोन पानांमुळे. एके संध्याकाळी धडा म्हणून दाखविताना तिने दोन पाने एकदमच उलटली, आणि जे पान डोळ्यांसमोर नव्हतेच, ते ती न चुकता म्हणू लागली. आईच्या ते ध्यानात आले. मुलगी इतके महिने वाचीत नव्हती. ऐकलेले पाठ करून ती वाचनाचे सोंग वठवीत होती.

या सोंगाला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. केवढे श्रम आहेत त्यात! वर्गात शेजारणीचे वाचन कान देऊन ऐकायचे, परिच्छेद कोठे संपतो ते ध्यानात ठेवायचे, चित्रावरून पान ओळखायचे, आणि आपली पाळी येईपर्यंत छातीतील धडधड कोणास ऐकू जाऊ द्यायची नाही. वाचणाऱ्या मुलाच्या दुपटीने कष्ट हे मूल उपसीत असते, आणि ‘लक्ष देत नाही’ हा शेरा मात्र त्याच्याच वाट्याला येतो.

मराठी वाचणे सोपे, कारण आपण जसे लिहितो तसेच उच्चारतो, असे अभिमानाने म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्रजीशी तुलना करता त्यात तथ्य आहे. तथापि, नऊ वर्षांच्या डोळ्यांनी आपली लिपी एकदा पाहावी. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मागाहून होतो. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ हा ‘य’च्या आधी उच्चारला जातो, परंतु बसलेला असतो तो ‘य’च्या डोक्यावर. ‘चक्र’ शब्दात तोच ‘र’ पायाशी तिरकी रेघ होऊन येतो, ‘राष्ट्र’ शब्दात टोपी उलटी करून ‘ट’खाली उभा राहतो, आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दात त्याचे आणखी एक निराळे रूप होते. मोठ्यांना ही सोंगे नित्याची झाल्यामुळे दिसत नाहीत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत अंतर आहे ते एखाद्या गाठीचे किंवा वळणाचे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ लिहिण्यात एकच, परंतु जिभेवर दोन. ‘करवत’ हा शब्द चार सारख्या अक्षरांचा, पण तो ‘कर-वत’ असा मधोमध मोडून म्हणायचा, हे अक्षरांत कोठेच लिहिलेले नसते. मुलाला ते कानाने ठाऊक असावे लागते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत या अडचणीवर दुसरी अडचण स्वार झालेली असते. वडोदऱ्याच्या मुलाला शाळेत शिरोरेखा नसलेली गुजराती लिपी. तिची काही अक्षरे देवनागरीची सख्खी बहीण शोभतील अशी, तर काही अगदीच परकी. बेळगावच्या मुलाच्या भोवती कन्नडची वाटोळी वळणे, हैदराबादेत तेलुगूची. गोव्यात रोमन अक्षरे घरोघरी. भाषा एक आणि लिपी दुसरी, हा अनुभव गोव्याला तर चारशे वर्षांचा आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते मराठी भाषेत असूनही रोमन अक्षरांत. चार लिप्यांच्या चौकात उभे असलेले मूल जर कोणत्याच रस्त्याने वेगाने चालत नसेल, तर त्याच्या पायांत दोष आहे असे एकदम म्हणता येत नाही. पण दोष नाहीच, असेही म्हणता येत नाही. म्हणूनच पारख व्हावी लागते.

बोलणे मुलाला ऐकता ऐकता येते. वाचणे तसे येत नाही. लेखनकला माणसाने शोधून काढली त्याला सुमारे पाच हजार वर्षे झाली. मेंदूच्या घडणीत वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली खोली असण्याइतका हा काळ मोठा नाही. वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामी असलेला मेंदूचा काही भाग अक्षरे ओळखण्यासाठी नव्याने शिकवून तयार करावा लागतो, असे स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञाने विस्ताराने मांडले आहे. काही मुलांत ही तयारी सहज होते, काहींत ती फार सावकाश होते. शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकणे आणि त्यांची अक्षरांशी गाठ घालणे हेच त्यांना जड जाते. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणिताची त्याला आवड होती, परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण जर तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत चलाख ठरला असता, असा अभिप्राय त्याच्या शिक्षकाने दिला होता. आज या स्थितीस ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. हा शब्द तर त्याहीपूर्वीचा, १८८७ सालचा आहे. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला.

मात्र अडखळणाऱ्या प्रत्येक मुलावर हा शिक्का मारण्याची घाई करू नये. आधी डोळे तपासावेत, कान तपासावेत, शाळा किती बुडाली ते पाहावे. ज्याला शिकण्याची संधीच उशिरा मिळाली त्याची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील एक मुलगा १८७५ साली, वयाच्या तेराव्या वर्षात, बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि त्यानंतरच त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. सयाजीराव गायकवाड ते हेच. १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरविणारे. त्यांच्या वाटेत अडथळा होता तो संधीचा. संधी असूनही अक्षरे जुळत नाहीत, अशा मुलाचा अडथळा निराळ्या जातीचा असतो आणि त्यावरचा उपायही निराळा.

ही पारख पूर्वी इंग्रजी कसोट्यांवरच होई आणि मराठी मुलाचे माप परक्या गजाने घेतले जाई. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी जी कसोटी तयार केली, तिच्यात हिंदी व कन्नड यांबरोबर मराठीचाही समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक केंद्रीय कायद्यात अध्ययन-अक्षमतेची स्पष्ट नोंद झाली आहे. कायदा सर्व देशाचा असल्यामुळे इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या पालकालाही त्याचा आधार घेता येतो. तज्ज्ञाचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. या मागणीत लाजण्यासारखे काहीही नाही. चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण लाजवीत नाही.

आता वडोदऱ्याच्या त्या घराकडे वळू. शंका आल्याबरोबर वडिलांनी जे केले, ते अशा गृहस्थाकडून अपेक्षितच होते. दुसऱ्या दिवशी घरात टॅबलेट आला. लिखित मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय त्यात बसविली गेली. मुलगी आनंदली. जे ग्रंथ तिच्या बोटांना उघडता येत नव्हते, ते तिच्या कानांना उघडले. बोलक्या यंत्राचा हा उपयोग त्याच्या जन्माइतकाच जुना आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अंधांसाठी बोलकी पुस्तके होतीच. खुद्द एडिसनचे शाळेशी जेमतेम काही महिने जमले. पुढे आईनेच त्याला घरी शिकविले.

श्रवणाचा हा लाभ मोठा आहे. कॅनडातील कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली वाचनाविषयी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की, ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो, त्याचा शब्दसंग्रह वाढतो आणि त्यामुळे त्याचे वाचन आणखी सुधारते. ज्याला येत नाही तो वाचन टाळतो आणि दिवसेंदिवस अधिकच मागे पडतो. या प्रकाराला त्यांनी मत्तयलिखित शुभवर्तमानातील एका प्रसिद्ध वचनावरून नाव दिले. ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळते, या अर्थाचे ते वचन आहे. कानावर पुस्तके पडत राहिली, तर अडखळणाऱ्या मुलाचे निदान शब्दांचे आणि ज्ञानाचे दारिद्र्य तरी टळते. वाचनाचे भय असलेल्या मुलाला पुस्तकाचे भय वाटू लागण्यापूर्वीच ही सोय झाली तर फारच उत्तम.

परंतु महिना गेला, दोन महिने गेले. मुलगी गोष्टी ऐकत होती आणि छापील पान होते तेथेच होते. आपल्याकडे मुलाला चालावयास शिकविण्यासाठी पांगुळगाडा देत असत, आणि थोरामोठ्यांस नेण्यासाठी पालखी असे. दोन्ही साधने लाकडाची आणि दोन्ही एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारी. फरक इतकाच की एकीत पाय चालतात आणि दुसरीत ते दुमडलेले राहतात. बोलणारा टॅबलेट त्या मुलीला पालखी झाला होता. पालखी वाईट असे नव्हे. लांबचा प्रवास असेल तेव्हा ती हवीच. पण पांगुळगाड्याचे काम ती करीत नाही, आणि वडिलांची समजूत झाली होती ती नेमकी उलटी.

फ्रान्समधील कूव्रे गावचा एक कारागीर या बाबतीत आठवतो. घोड्यांची खोगिरे आणि सरंजाम तयार करणे हा त्याचा धंदा. त्याच्याच दुकानातील हत्याराने त्याच्या तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे त्या मुलाची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. बापाने काय केले? लाकडाच्या फळीवर त्याने आपल्या धंद्यातील खिळे ठोकून अक्षरांचे आकार उठविले आणि मुलाचे बोट त्यांवरून फिरविले, असे सांगतात. लुई ब्रेल तो हाच मुलगा. बोटांनी वाचण्याची त्याची ठिपक्यांची लिपी १८२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बापाजवळ होती ती हातोडी आणि खिळे. परंतु त्या साधनाने वाचन केले ते मुलाच्या स्वतःच्या बोटाने. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात माँटेसोरी पद्धतीची जी साधने रुळविली, त्यांत बोट फिरविण्याची खरखरीत अक्षरे असतात ती याच तत्त्वावर. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याच्या शिक्षणाच्या विचाराने ते या मार्गास लागले.

वडोदऱ्याच्या गृहस्थांना खरा उपयोग सापडला तो घरातील सर्वांत साध्या सोयीचा. मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण करता येते. त्यांनी ठरविले की, मुलीचे वाचन मुद्रित करावे, वेळ मोजावा आणि सुधारणेचा आलेख काढावा. यंत्रप्रेमी माणसाला आलेख काढल्याखेरीज चैन पडत नाही! एका संध्याकाळी एक पान त्यांनी तिच्याकडून वाचवून घेतले. रात्री जेवणे झाल्यावर गॅलरीत एकटेच बसून ते ऐकू लागले. मुलगी ‘प्र’ म्हणते आणि लगेच दुसरा आवाज म्हणतो, “प्रकाश!” मुलगी ‘वि’ म्हणते, दुसरा आवाज म्हणतो, “विजेचा, अगं विजेचा, पुढे!” एकाच पानात असे चौदा वेळा. ‘प्र’ तिने बरोबर उच्चारला होता आणि पुढचे अक्षर तिच्या ओठांवर येत होते, हे त्या मुद्रणात स्पष्ट ऐकू येत होते. पान संपत आले तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. ती वाचीत नव्हतीच. पुढचा आवाज केव्हा येतो याची वाट पाहत होती आणि त्याच्यामागून शब्द म्हणत होती. मुलीचा दोष टिपण्यासाठी लावलेल्या यंत्राने बापाची घाई टिपली होती. वेळ मोजण्याचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी ते शेजारी बसले आणि मनातल्या मनात पाच अंक मोजीपर्यंत तोंड उघडावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. पाच अंक ही फार मोठी मुदत आहे. ज्याला खोटे वाटेल त्याने अडखळणाऱ्या मुलाशेजारी बसून ती मोजून पाहावी. पहिल्या अडखळीला मुलीने सवयीने वडिलांकडे पाहिले. ते गप्प. तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, “बाबा, झोप लागली का तुम्हाला?” तिसऱ्या दिवशी मात्र एका जोडाक्षरापाशी त्यांचे ओठ हलताच तिने हात वर केला. “थांबा बाबा, सांगू नका. मी काढते.”

वाचनाच्या शिक्षणशास्त्रात याला आधार आहे. मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकाच सुरात मोठ्याने वाचावे, मुलाने पुस्तकावर टिचकी मारली की आपण थांबावे आणि त्याला एकट्याला वाचू द्यावे, ते अडले तर क्षणभर थांबून मग शब्द सांगावा आणि पुन्हा बरोबर चालू लागावे, अशी जोडवाचनाची पद्धत परदेशांतील शाळांनी पालकांना शिकविली आहे. तिला लागते एक पुस्तक आणि रोजचा थोडा वेळ. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली एकाच लहानशा उताऱ्याच्या पुनःपुन्हा वाचनाचा पुरस्कार केला. नवा नवा मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा पन्नास-शंभर शब्दांचा एकच उतारा मुलाने चार-पाच वेळा वाचावा. प्रत्येक वेळी अडखळ कमी होते आणि ती सफाई पुढच्या उताऱ्यात थोडीफार उतरते. येथे ध्वनिमुद्रण आपली खरी किंमत दाखविते. सोमवारचे वाचन आणि शुक्रवारचे वाचन मुलाला एकापाठोपाठ ऐकवावे. शिक्षकाची शाबासकी मुलाला खरी वाटेलच असे नाही, स्वतःचा आवाज मात्र खोटा वाटत नाही. हे मुद्रण आप्तांना मात्र पाठवू नये. ते त्या मुलाचे खासगी आहे.

पडद्यावरील अक्षरांचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, आणि ती याच गुजरातेत घडली. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली कल्पना सुचली की, चित्रपटगीते दूरचित्रवाणीवर दाखविताना त्याच भाषेतील शब्द खाली उमटावेत आणि गाण्याबरोबर ते रंगत जावेत. १९९९ साली अहमदाबाद केंद्राच्या गुजराती गीतांच्या कार्यक्रमात आणि २००२ साली राष्ट्रीय ‘चित्रहार’मध्ये हा प्रयोग झाला. गाणे तोंडपाठ असते, डोळे आपोआप शब्दामागून जातात आणि अर्धवट येणारे वाचन न कळत पक्के होऊ लागते. पाठ असणे हा त्या मुलीचा अपराध ठरला होता, येथे तेच भांडवल होते. घरी हे साधावयास अवघड नाही. मुलाला आवडणारे मराठी गीत लावावे आणि त्याचे शब्द मोठ्या ठशात समोर ठेवावेत. शब्द उच्चारला जात असताना तो पडद्यावर उजळून दाखविणारी बोलकी पुस्तकेही मिळतात. पालखीचा पांगुळगाडा होतो तो अशा ठिकाणी. ठसा मोठा करावा, दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे, एका वेळी पडद्यावर थोड्याच ओळी असू द्याव्यात, या गोष्टी यंत्राने चुटकीसरशा होतात आणि छापील पुस्तकात त्या होत नाहीत. त्या वेळी यंत्रावर येणारे निरोप, खेळ आणि घंटा मात्र बंद असल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट यंत्रप्रेमी पित्याजवळ असते आणि तिची किंमत त्याला बहुधा ठाऊक नसते. ती म्हणजे त्याचा छंद. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी चौसष्ट शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण त्या खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक चांगले समजली. आपल्याकडे क्रिकेटवेड्या मुलाने वर्तमानपत्रातील धावफलक कसा वाचून काढला हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. पंख्याचा वेग कसा बदलतो हे ज्या मुलीला माहीत आहे, तिच्या हाती परीकथाच द्यावी असे नाही. घंटी कशी जोडावी याच्या पाच ओळी वडिलांनी स्वच्छ मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात, आणि तार, पाकळी, खटका हे शब्द वाचल्याखेरीज घंटी वाजू नये. चुकले तर घंटीच सांगेल. त्यासाठी कोणी रागवायला नको.

असे केले म्हणजे सहा महिन्यांत मूल धडाधड वाचू लागते, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचे वाचन सुधारते, पण त्याचा वेग पुष्कळदा मोठेपणीही कमीच राहतो. म्हणून कानाने वाचण्याची सोय शेवटपर्यंत हाताशी असावी, आणि ती वापरणे म्हणजे हार मानणे असे घरात कोणी म्हणू नये. छापील मजकूर वाचण्यास असमर्थ असलेल्यांसाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत तयार करण्याची मोकळीक आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ सालच्या दुरुस्तीने दिलेली आहे. या विषयावरील आंतरराष्ट्रीय मराकेश करारास २०१४ साली सर्वांआधी मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ या नावाने अशा प्रतींचे ग्रंथालयही संगणकावर सुरू झाले.

या ठिकाणी मराठीपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते, आणि ती सोडविण्यास यंत्रप्रेमी पित्याइतका लायक माणूस दुसरा नाही. जगातील सर्व लिप्यांना एका संकेतात बसविणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. परंतु आपल्याकडे छपाईचे काम पुढेही पुष्कळ वर्षे जुन्या खासगी टंकांतच होत राहिले. त्या टंकांत पडद्यावर दिसतो ‘क’, पण यंत्राच्या पोटात साठविलेले असते ते भलतेच रोमन अक्षर. अशा पुस्तकाची प्रत डोळ्यांना सुंदर मराठी दिसते आणि बोलक्या यंत्रापुढे ठेवली की ते निरर्थक इंग्रजी अक्षरांची बाराखडी बडबडू लागते. वडोदऱ्याच्या घरात हेच झाले. आजीने सुचविलेले एक गोष्टींचे पुस्तक यंत्राला वाचता येईना. तेव्हा वडिलांनी रोज रात्री त्याची दोन पाने मुलीसाठी युनिकोडमध्ये टंकलिखित करावयास घेतली. मुलगी शेजारी बसून पुस्तकातील ओळीवर बोट ठेवी आणि पडद्यावर उमटणारी ओळ तिच्याशी ताडून पाही. त्या कामात घाई करून चालत नसे, कारण वडिलांचेच टंकलेखन सावकाश होते. तिसऱ्या आठवड्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द आला. ‘र’चे हे रूप उमटविण्यासाठी निराळी कळ लागते. ती त्यांना ठाऊक नव्हती, आणि पडद्यावर ‘य’च्या डोक्यावर रफार चढून शब्द ‘वार्यावर’ असा झाला. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. मुलीने पुस्तकाकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि त्यांचा हात धरून म्हणाली, “बाबा, हा ‘र’ तो नव्हे.”